गुरुवारी बंद

७ फेब्रुवारी, सोमवार

कुणालाच नको होतं, तर ते झालं कसं?

आज सातवीत हा प्रश्न आला आणि मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही.

पहिल्या महायुद्धाची कारणं आजपासून सुरू केली. पुस्तकात चार आहेत : गुप्त करार, शस्त्रांची चढाओढ, वसाहतींची हाव आणि टोकाचा राष्ट्राभिमान. फळ्यावर नकाशा काढला. (इटलीचा बूट फार छान जमला.) राजपुत्राचा खून सांगितला, मग एकेक देश कसा ओढला गेला ते सांगितलं. मुलं गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती. त्या भरात मी म्हटलं, "खरं तर एवढं मोठं युद्ध व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं."

दुसऱ्या बाकावरून हात वर. ही मुलगी एवढ्या शंका काढते की वर्गाने तिचं नाव शंकाताई ठेवलंय. "बाई, कुणालाच नको होतं, तर ते झालं कसं?"

"आत्ताच चार कारणं सांगितली ना?"

"ती कारणं झाली, बाई. मी झालं कसं ते विचारतेय."

घंटा झाली म्हणून वाचले.

बरोबर चोवीस तारखेला संस्थेचे साहेब माझा पाठ बघायला येणार आहेत. सहा महिने तात्पुरती आहे, त्या पाठावर कायम व्हायचं की नाही ते ठरेल. मोठ्या बाईंनी (मुख्याध्यापिकांना सगळे असंच म्हणतात) बजावलंय, "साहेबांना चार कारणं क्रमाने लागतात. क्रम चुकला की चेहरा चुकतो."

घरी जेवताना सांगितलं तर आत्या म्हणाली, "घराण्यात पहिली पदवीधर, आणि बारा वर्षांच्या पोरीने गप्प केली?" बाबा हसले नाहीत. त्यांनी माझं प्रमाणपत्र दाराजवळ वीजमीटरच्या वर टांगलंय, म्हणजे मीटर बघायला येणाऱ्यालाही वाचावं लागतं. त्याचा अपमान झाल्यासारखे ते आत्याकडे बघत राहिले.

८ फेब्रुवारी, मंगळवार

एक कल्पना सुचली! आपल्या वस्तुसंग्रहालयात त्या युद्धातल्या वस्तूंचं एक दालन आहे. गणवेश, बिगूल, एका सैनिकाची पत्रं. मुलांनी ते डोळ्यांनी बघितलं तर कदाचित उत्तर तिथेच सापडेल. दुपारच्या मीटिंगमध्ये धीर करून म्हटलं : फक्त सातवी, अडतीस मुलं, एकच बस.

मोठ्या बाई म्हणाल्या, "एक वर्ग नेला की बाकीचे घर डोक्यावर घेतील. आठवी-नववीही जाऊ दे." आमचे कारकून, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, ते मान खाली घालून टिपण घेत होते. ते हळूच म्हणाले, "सकाळची शाळा पुढच्या शुक्रवारी तिथेच चाललीय म्हणे. तीन बस सांगितल्यात."

आमची इमारत एकच, शाळा दोन. सकाळची वेगळी, दुपारची वेगळी. दोघींच्या मुख्याध्यापिका एकमेकींना गेटवर भेटतात आणि फार गोड हसतात.

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "मग आपण गुरुवारी जाऊ. चार बस."

१० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळच्या शाळेने चार केल्या. आपण पाच.

पीटीचे सर म्हणाले, "मुलं चारांत आरामात बसतात." मोठ्या बाई म्हणाल्या, "आरामाचा प्रश्न नाही."

बसगाड्या बाबांच्या आगारातूनच जाणार आहेत. बाबा तिथे नियंत्रक आहेत, म्हणजे कोणती गाडी किती वाजता, कुठे, कुणाला घेऊन जाणार हे ते ठरवतात. गाड्या धुण्यापासून सुरुवात करून त्या खुर्चीपर्यंत पोहोचलेत. शाळेत हे कुणाला माहीत नाही. कुणी विचारलंच नाही.

जेवताना बाबा म्हणाले, "तुमच्या दोन शाळा मिळून माझं आगार रिकामं करणार. पाच गाड्या काढायच्या म्हणजे पाच मार्गांच्या फेऱ्या इकडच्या तिकडे, दहा माणसांच्या ड्यूट्या बदलायच्या. एकदा तक्ता लागला की लागला. आदल्या दिवशी पाचच्या आत पत्र आलं तर रद्द. पाच वाजून एक मिनिटाने मीसुद्धा थांबवू शकत नाही." मग एकदम, "बरं, त्या सैन्याच्या आगगाड्या लावायचा कोण गं? त्यांचा कंट्रोलर कोण होता?"

मी म्हटलं, "बाबा, ते महत्त्वाचं नाही. मी राजकारणाबद्दल बोलतेय."

ते कुठून काढलं कुणास ठाऊक. बाबांना मुद्दा बाजूला ठेवून गाड्यांकडे जायची सवयच आहे.

पुस्तकाच्या एकेचाळिसाव्या पानावर चहाच्या कपाचं गोल पडलंय. आत्याला विचारलं तर म्हणाली, "मला कशाला हवंय तुझं महायुद्ध? माझं तुझ्या आईबरोबरचं पुरेसं आहे."

१५ फेब्रुवारी, मंगळवार

चार दिवस काही लिहिलं नाही, कारण सगळा वेळ सहलीच्या फितींत गेला. प्रत्येक मुलाच्या छातीवर निळी फीत. सकाळची शाळा हिरवी लावणार असल्याचं कळलंय.

आज झोपायला जाताना बाबा सहज म्हणाले, "गुरुवारी ते संग्रहालय बंद असतं ना? आमची सात नंबर तिथून जाते. गुरुवारी त्या थांब्यावर कुणी उतरत नाही."

मग विचार केला, मोठ्या बाईंनी बघितलंच असेल. पाच बस सांगणारी बाई दार उघडं आहे की नाही हे बघणार नाही का? कदाचित शाळांसाठी खास उघडत असतील.

तरी उद्या सांगते.

१६ फेब्रुवारी, बुधवार

मधल्या सुट्टीत सांगायला गेले. मोठ्या बाई फोनवर होत्या, आवाज असा खुललेला की गेल्या सहा महिन्यांत ऐकला नव्हता. पलीकडे बहुतेक सकाळच्या बाई असाव्यात. "हो ना, आम्ही एक दिवस आधीच जातोय!" मैदानावर पीटीचे सर शिट्टी मारून दोनशे मुलांना पाच रांगांत चढण्या-उतरण्याचा सराव देत होते. भाऊ खोक्यात फिती मोजत होते.

फोन ठेवून मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बोला. सगळं छान चाललंय ना?"

मी म्हटलं, "हो."

एकदा दारापर्यंत जाऊन परत फिरले. त्या म्हणाल्या, "अजून काही?" मी विचारलं, "पाण्याची पिंपं पाचव्या बसमध्ये ठेवायची ना?" त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखा बारीक विचार करणारी माणसं हवीत."

मी तात्पुरती आहे. सगळ्यांसमोर मोठ्या बाईंना तोंडघशी पाडणं बरं दिसलं नसतं. शिवाय त्यांनी परवानगी काढलीच असेल. मला तसं वाटतंय.

पाच वाजताची घंटा झाली तेव्हा मी वह्या तपासत होते.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

बंद.

लोखंडी गेटवर माणसाच्या उंचीची पाटी : "गुरुवारी बंद". ती पाटी तिथे वीस वर्षं तरी असावी, गंज चढलाय. समोर पाच बस, दोनशे मुलं, दोनशे निळ्या फिती. पाचव्या बसमधून सहा मुलं आणि तीन पिंपं उतरली.

रखवालदार आतून म्हणाला, "उद्या या. उद्या पण एक शाळा येणार आहे." मोठ्या बाईंचा चेहरा बघवत नव्हता.

गाड्या लगेच परतही जाईनात. चालक म्हणाले, "तक्त्यात परतीची वेळ तीनची आहे. तीनच्या आधी आम्ही गेलो तर तिकडे उभं राहायला जागा नाही." मग काय, मुलांनी पायऱ्यांवर डबे उघडले, बागेतल्या तोफेवर चढून उतरली, पीटीच्या सरांनी पकडापकडी लावली. एवढी आनंदी सहल मी पाहिली नव्हती. मागच्या बाकावरची पैलवान (वर्गातली सगळ्यात दांडगी मुलगी) तोफेवर बसून म्हणाली, "बाई, दर गुरुवारी या इथे."

मी पायरीवर शंकाताईशेजारी बसले होते. तिने डबा खाता खाता विचारलं, "बाई, इथे यायचं कुणाला होतं?"

"म्हणजे?"

"मी सगळ्यांना विचारलं. पीटीचे सर म्हणाले, त्यांना तर उन्हात यायचंच नव्हतं. नववीच्या बाई म्हणाल्या, परीक्षा तोंडावर असताना सहल कशाला. मोठ्या बाई बसमध्ये म्हणत होत्या, सकाळच्यांनी काढली नसती तर मी काढलीच नसती. मग आपण आलो कसे?"

तिचा डबा हातातच राहिला. माझाही. आम्ही दोघींनी एकदम समोरच्या पाच बसकडे पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "हे तसंच झालं का?"

पैलवान वरून ओरडली, "मला यायचं होतं! माझी गणिताची चाचणी होती आज!"

परत येताना बसमध्ये मला बाबांचा प्रश्न आठवला. त्यांचा कंट्रोलर कोण होता? घरी येऊन जाडा संदर्भग्रंथ काढला. हजारो आगगाड्या, मिनिटामिनिटाचं वेळापत्रक, जर्मनीच्या राजाने म्हटलं दिशा बदला, तर सेनापती म्हणाला आता बदलता येत नाही. सगळं आहे तिथे. माझ्या पुस्तकातही एका चौकटीत आहे. पान एकेचाळीस, चहाचं गोल पडलेलं.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज शिकवायला मला काही करावंच लागलं नाही. शंकाताईने वहीत दोन रकाने पाडून आणले होते. एका रकान्यात माणूस. दुसऱ्या रकान्याला तिने नाव दिलंय, "मला वाटलं".

भाऊ : संग्रहालयाला पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, मला वाटलं पीटीचे सर फोन करतील.
पीटीचे सर : मला वाटलं भाऊंच्या पत्राला उत्तर आलं असेल.
मोठ्या बाई : मला वाटलं दोघांनीही बघितलं असेल.

"आणि देशांचंही असंच करायचं," ती म्हणाली. मुलांनी फळाच ताब्यात घेतला. ऑस्ट्रियाला वाटलं सर्बिया छोटा आहे, रशिया मध्ये पडणार नाही. रशियाला वाटलं नुसतं सैन्य हलवलं तर समोरचा घाबरेल. जर्मनीला वाटलं इंग्लंड बाहेर राहील. वर्ग पेटला होता. मी त्यांना सांगितलं की कुणालाच नको होतं हे माझं वाक्य पूर्ण खरं नव्हतं. काहींना हवं होतं, पैलवानला सहल हवी होती तसं. पैलवान म्हणाली, "म्हणजे ज्याची ज्याची चाचणी होती तो." असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, पण लिहायला हरकत नाही.

एकजण म्हणाला, "पण बाई, आपल्या सहलीत कुणी मेलं नाही." मी म्हटलं, "नाही. तोच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे." मग त्या युद्धात मेलेल्या सैनिकांचे आकडे सांगितले. आज कुणी वही बंद करायची घाई केली नाही.

संध्याकाळी कळलं की पालकांची तक्रार संस्थेपर्यंत गेली आणि भाऊंना मेमो मिळालाय. उत्तर न आलेल्या पत्राचा पाठपुरावा केला नाही म्हणून. सेवापुस्तकात शेरा पडेल. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत आणि एकतीस वर्षांत त्यांच्या पुस्तकात एकही शेरा नाही.

१९ फेब्रुवारी, शनिवार

बाबांना मेमोचं सांगितलं. ते म्हणाले, "बुधवारी पाच वाजेपर्यंत मी तुमच्या पत्राची वाट बघत होतो. पावणेपाचला फोनपण उचलला होता शाळेला करायला."

"मग केला का नाही?"

"मला वाटलं, तू सांगितलं असशील." ते अगदी साधेपणाने म्हणाले. "तू शिकलेली आहेस. तू सांगितलंच असशील, आणि त्यांनी काहीतरी सोय केली असेल. माझ्यासारख्याने मध्ये कशाला बोलायचं?"

आई आतून म्हणाली, "भाजी निवडायला बसा दोघं. बोलून झालं असेल तर."

निवडली.

२१ फेब्रुवारी, सोमवार

शंकाताई शनिवारी आगारात जाऊन आली! एकटी नाही, पैलवानला घेऊन. चौकशीच्या खिडकीवर उभं राहून विचारलं म्हणे, "तुमची सात नंबर रोज तिथून जाते, मग तुम्हाला माहीत असणारच."

आज वर्गात तिने अहवाल दिला. "तिथले कंट्रोलर काका चांगले आहेत. आम्हाला तक्ता दाखवला. ते म्हणाले, मी घरी एका माणसाला मंगळवारीच सांगितलं होतं. कोणाला, तर म्हणाले, नाव आठवत नाही."

पैलवान म्हणाली, "बाई, त्यांना दोनशे गाड्यांचे नंबर तोंडपाठ आहेत आणि घरातल्या माणसाचं नाव आठवत नाही!"

सगळे हसले. मीही हसले. शंकाताई हसली नाही. तिने वहीत आगाराच्या खाली एक ओळ रिकामी सोडली आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

घरी बाबांना काही विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. फक्त जेवताना आईला म्हणाले, "आज दोन पोरी आल्या होत्या. वकील होतील एकेक." त्या शनिवारी आल्या होत्या, आज नाही. बाबांचा वार कधी चुकत नाही.

२३ फेब्रुवारी, बुधवार

उद्या पाठ.

मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, "फक्त पुस्तक. चार कारणं, क्रमाने. सहलीचा स उच्चारायचा नाही. साहेब आधीच नाराज आहेत, आणि तुमचं चांगलं व्हावं असं मला मनापासून वाटतं." ते खोटं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटतं.

बाहेर भाऊ मेमोचं उत्तर लिहीत होते. मला बघून कागद पालथा घातला. "काही नाही हो बाई, दिलगिरी लिहितोय. दुसऱ्याच्या दिलगिऱ्या टाइप करण्यात जन्म गेला, स्वतःची लिहायला शब्द सापडत नाहीत." मग म्हणाले, "तुमचा पाठ होऊ दे झकास. सातवीची पोरं काय बोलतात हो हल्ली! मला येऊन विचारतात, भाऊ, तुम्ही रशिया की ऑस्ट्रिया?"

मी विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, मी पोस्टमन."

माझी चूक भाऊंच्या चुकीपेक्षा लहान आहे, असं मी पाच दिवस स्वतःला सांगतेय. त्यांचं काम होतं, माझं नव्हतं. पण त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. सगळ्या यादीत माहीत असूनही शाळेत गप्प बसलेली मी एकटीच आहे.

माझी नोकरी गेली तरी बाबा प्रमाणपत्र उतरवणार नाहीत, हेही मला माहीत आहे. तेच जास्त लागतं.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

साहेब मागच्या बाकावर पैलवानशेजारी बसले, कारण दुसरी जागाच नव्हती. मोठ्या बाई खिडकीशी. मी चार कारणं क्रमाने घेतली. मुलांनी एका आवाजात म्हटली, पंधरा मिनिटांत. साहेबांनी वहीत चार वेळा बरोबरची खूण केली आणि टोपण लावलं. मोठ्या बाईंनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. वीस मिनिटं शिल्लक होती. उजळणी घेऊन ती सहज घालवता आली असती.

मी म्हटलं, "ही कारणं झाली. आता झालं कसं ते बघू."

शंकाताईने विचारण्याआधीच मी फळ्यावर दोन रकाने पाडले. मुलांना वाटलं ऑस्ट्रियापासून सुरुवात. मी लिहिलं, "भाऊ". मग पीटीचे सर. मग मोठ्या बाई. मागे पाहिलं नाही. मग लिहिलं : "आगाराचे नियंत्रक : मला वाटलं, मुलीने शाळेत सांगितलं असेल." आणि त्याखाली : "नियंत्रकांची मुलगी : मला वाटलं, मोठ्या बाईंना माहीत असेल."

पैलवान म्हणाली, "म्हणजे ती मुलगी आपल्या शाळेत आहे?"

"हो."

"कोण?"

"मी."

एकदम गलका झाला. शंकाताई मात्र उभी राहिली आणि तिने शांतपणे विचारलं, "बाई, तुम्हाला नुसतं वाटलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. मग का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "भीती वाटली. नोकरी जाईल, बाई रागावतील, सगळे एवढ्या उत्साहात आहेत ते मोडेल. आणि प्रत्येक तासाला सांगणं आदल्या तासापेक्षा अवघड होत गेलं. म्हणून वाट बघत राहिले की दुसरं कुणीतरी सांगेल."

तिने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "त्यांच्यातही कुणी असं असेल ना, बाई? माहीत असलेलं?" मी म्हटलं, "बरेच असतील." साहेबांनी टोपण पुन्हा काढलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही. पैलवानला दिसलं असणार, पण ती म्हणते, अक्षर भयंकर आहे.

तास संपल्यावर मोठ्या बाई बाहेर पडताना माझ्याजवळ थांबल्या. "बुधवारी तुम्ही माझ्या खोलीत आला होतात," एवढंच म्हणाल्या. "मी फोनवर होते." आणि गेल्या. त्यांचा सूर रागाचा होता की काय ते मला अजून कळलेलं नाही.

मी मात्र थांबले नाही. सकाळीच लिहिलेलं पत्र घेऊन कार्यालयात गेले. संग्रहालय बंद असल्याचं मला मंगळवारी रात्री माहीत होतं, बुधवारी रद्द करायला वेळ होता, मी कळवलं नाही, तरी मेमो माझ्या नावे व्हावा. संस्थेला जाणारं प्रत्येक पत्र आधी शाळेच्या नोंदवहीत चढतं, आणि ती नोंदवही भाऊंकडे असते. त्यामुळे त्यांच्या हातात देण्यावाचून मार्गच नव्हता.

भाऊंनी चष्मा लावला. पूर्ण वाचलं. परत वाचलं. पत्र माझ्याकडे सरकवलं. "घेऊन जा, बाई. तुमचं सगळं आयुष्य पुढे आहे. माझे चौदा महिने राहिलेत."

मी पत्र त्यांच्याकडे सरकवलं.

त्यांनी पुन्हा माझ्याकडे. मी पुन्हा त्यांच्याकडे. शिपाईमावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "हे किती वेळ चालणार आहे? मला खोली झाडायचीय."

शेवटी भाऊंनी नाक शिंकरलं, बराच वेळ. मग एकतीस वर्षांच्या सवयीने पत्र वरपासून खालपर्यंत तपासलं आणि म्हणाले, "तारीख राहिलीय."

मी तारीख टाकली. त्यांनी शिक्का मारला आणि नोंदवहीत क्रमांक घातला : दोनशे सोळा.